सीएनसी केलेल्या मिलिंग मशीनवर स्केल: बसवायची कशी, ऐकायचं किती

मोटरचा एन्कोडर (फिरणं मोजणारा सेन्सर) टेबल सरकवणारा स्क्रू किती फिरला ते सांगतो, काचेची स्केल (टेबलाची हालचाल मोजणारी पट्टी) टेबल खरंच किती सरकलं ते. या दोन आकड्यांतला फरक आधी नीट वाचा, कंट्रोलला स्केल जोडायची घाई नंतर करा.

बसवताना स्केल स्लाइडला 0.1 मिमीच्या आत समांतर हवी. मॅग्नेटिक बेसवर डायल (काट्याचा मोजणारा गेज) लावून टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवा, स्केलच्या दोन्ही अंगांवर वेगवेगळं बघा. मशीनच्या बीडाची (ओतीव लोखंडाची) बाजू ओबडधोबड असते. रंग खरवडून शिम (पातळ पत्र्याच्या पट्ट्या) घाला. रबरी ओठ खाली, कूलंटपासून दूर. रीडर हेडचा (स्केल वाचणाऱ्या डोक्याचा) ब्रॅकेट जाडच घ्या. पातळ पत्र्याचा ब्रॅकेट दिशा बदलताना स्वतःच वाकतो आणि तो वाक बॅकलॅशसारखा (दिशा बदलताना स्क्रू-नटमधल्या मोकळ्या जागेसारखा, म्हणजे प्लेसारखा) दिसतो. मग लोक उगाच नट आवळत बसतात!

5 मायक्रॉनची स्केल मिनिटाला 3 मीटर वेगाने सेकंदाला 10,000 काउंट (मोजणीचे सिग्नल) देते, 1 मायक्रॉनची 50,000. काउंट मोजणारं कार्ड कमी पडलं तर काउंट गळतात. ते असं पकडा: टेबलाला डायल टेकवून डायल आणि स्केल दोन्ही शून्य करा. टेबल मागे घेऊन डायलला न धडकवता 20 वेळा फास्ट मागेपुढे पळवा आणि आधीच्याच दिशेने परत आणा. डायल शून्यावर, पण स्केल नाही, तर काउंट गळलेत.

बॅकलॅशसाठी एका दिशेने 1 मिमी चालवा, स्केल शून्य करा, उलट 0.1 मिमीची कमांड द्या. स्केलने 0.06 दाखवलं तर प्ले 40 मायक्रॉन. मध्यभागी आणि दोन्ही टोकांना मोजा. जुना स्क्रू मध्येच जास्त झिजलेला असतो, त्यामुळे कंट्रोलमध्ये भरलेलं एकच कॉम्पेन्सेशन (प्लेची भरपाई) सगळीकडे पुरत नाही.

एवढा प्ले ठेवून पोझिशन लूप थेट स्केलवर बंद केलात, म्हणजे कंट्रोलला स्केलच्या आकड्यावरूनच मोटर हलवायला लावलीत, तर टेबल जागेवरच डुलत राहतं: मोटर प्ले ओलांडते, पुढे जाते, परत येते. आधी नट आणि थ्रस्ट बेअरिंग नीट करा. सर्वो असेल तर वेग मोटरच्या एन्कोडरवरून आणि पोझिशन स्केलवरून घ्या. लिनक्ससीएनसी या कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये असं जोडता येतं. साध्या स्टेपरला स्केल राखणदार म्हणून पुरे: कमांड आणि स्केल यांतला फरक 0.2 मिमीवर गेला की मशीन थांबवायचं.

स्टीलचा 1 मीटर स्क्रू 5 अंशांनी तापला तर सुमारे 55 मायक्रॉन वाढतो, आणि ते स्केललाच कळतं. पण गिब (स्लाइडमधला ढिलेपणा घालवणारी पट्टी) सैल असेल तर टेबल तिरकं होतं. स्केल स्वतःच्या जागेचं खरं सांगते, आणि वर टूलपाशी जॉब चुकलेला असतो.