लिनक्सवर लिहिलेला सी प्रोग्राम विंडोजवर नीट चालावा म्हणून काय करावे

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी मी सी मध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. कुठल्या मागावर कुठल्या पाळीत किती नग उतरले, ते फाइलीत साठवायचं, एवढंच त्याचं काम. घरी लिनक्सवर चोख चालला. कारखान्यातल्या विंडोजवर टाकला आणि दुसऱ्याच दिवशी दिवाणजींचा फोन आला, "सर, हे कालचंच दाखवतंय की वो!"

चूक माझीच होती. ती कुठे झाली ते तिसऱ्या पायरीत येईलच.

सी भाषेच्या ठरलेल्या नियमांत (स्टँडर्डमध्ये) फाइल उघडणं, वाचणं-लिहिणं, पुसणं आणि तिचं नाव बदलणं इतकंच आहे. फोल्डर नावाची गोष्टच त्यात नाही. ती पॉसिक्सनं, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमांसाठीच्या सामाईक नियमांनी, ठरवून दिली. लिनक्स आणि मॅक पॉसिक्सच्या वाटेनं जातात, विंडोजचा संसार वेगळा.

१. सगळा फरक एका जागी कोंडा

एक हेडर फाइल करा आणि त्यात स्वतःची पाच-सहा फंक्शनं जाहीर करा : फोल्डर बनव, फाइल उघड, फाइल बदल, यादी काढ. मग दोन सी फाइली करा, एक पॉसिक्ससाठी, एक विंडोजसाठी. कुठली घ्यायची ते मेकफाइल (प्रोग्राम कसा बांधायचा ते सांगणारी फाइल) ठरवेल. बाकीच्या प्रोग्रामनं फक्त तुमचीच फंक्शनं वापरायची.

बरेच जण जागोजागी हॅश-इफडेफ, म्हणजे "विंडोज असेल तर हा कोड, नाहीतर तो" अशा अटी, पेरत जातात. पहिल्या आठवड्यात ते सोपं वाटतं. सहा महिन्यांनी तोच कोड उघडला की कुठला धागा कुठे जातोय ते लिहिणाऱ्यालाही उमगत नाही. इफडेफ वापरायचंच असेल तर अंडरस्कोर-विन३२ हा मॅक्रो तपासा. नावात ३२ असलं तरी तो ६४ बिट विंडोजवरही असतो.

२. सोपे फरक आधी उरका

फोल्डर बनवणाऱ्या एमकेडिरला पॉसिक्सवर पाथ आणि परवानगी असे दोन आर्ग्युमेंट लागतात, विंडोजच्या अंडरस्कोर-एमकेडिरला फक्त पाथ. पाथमध्ये सरळ पुढे झुकलेला स्लॅश वापरा, विंडोजची फाइल फंक्शनं तो खपवून घेतात. आकडे किंवा चित्रं साठवताना फाइल नेहमी बायनरी मोडमध्ये उघडा. नाहीतर विंडोज प्रत्येक नव्या ओळीमागे एक जादा बाइट घुसडतो, आणि वाचताना २६ क्रमांकाचा बाइट दिसला की फाइल संपली असं समजतो.

फाइल २ जीबीच्या पुढे जाणार असेल तर फाइलीतली जागा सांगणाऱ्या एफटेलवर विसंबू नका, तो उत्तर लाँगमध्ये देतो. ६४ बिट विंडोजवरही लाँग ४ बाइटांचाच असतो.

३. रीनेम : इथे सावकाश

चालू फाइलीवर थेट लिहू नये हे मला माहीत होतं. आधी तात्पुरती फाइल लिहायची, ती बंद करायची आणि मग रीनेम करून जुनीच्या जागी बसवायची. लिनक्सवर हे एका झटक्यात होतं. वाचणाऱ्याला जुनी फाइल मिळते किंवा नवी, अर्धवट कधीच नाही.

विंडोजवरचं रीनेम मात्र त्या नावाची फाइल आधीपासून असेल तर सरळ नकार देतं. कारखान्यात पहिल्या दिवशी फाइल नव्हतीच, म्हणून सगळं सुरळीत झालं. दुसऱ्या दिवशी फाइल होती, रीनेम फसलं, आणि त्यानं परत दिलेली किंमत मी तपासलीच नव्हती. प्रोग्राम तसाच पुढे गेला.

यावर सगळ्यांना आधी सुचतं ते असं : जुनी पुसा, मग रीनेम करा. मीही तेच करणार होतो. पण त्या दोन ओळींच्या मधेच वीज गेली तर जुनी फाइल गेलेली असते आणि नवी अजून जागेवर बसलेली नसते. म्हणून विंडोजसाठीच्या सी फाइलीत मूव्हफाइलईएक्स हे विंडोजचं फंक्शन वापरा आणि त्याला रिप्लेस-एक्झिस्टिंग व राइट-थ्रू हे दोन्ही फ्लॅग द्या. त्याआधी तात्पुरत्या फाइलीवर पॉसिक्सकडे एफसिंक आणि विंडोजकडे अंडरस्कोर-कमिट करून घ्या, म्हणजे मजकूर खरोखर डिस्कवर उतरतो. तात्पुरती फाइल त्याच फोल्डरमध्ये हवी. दुसऱ्या डिस्कवर असली तर लिनक्सवरही रीनेम होत नाही.

एवढं करूनही दिवाणजींनी तीच फाइल एक्सेलमध्ये उघडून ठेवली असेल तर विंडोज एरर ५ किंवा ३२ देईल. थोडं थांबून चार-पाच वेळा पुन्हा प्रयत्न करा, नाहीच जमलं तर "फाइल बंद करा" असं स्पष्ट सांगा.

४. मराठी नावं

देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाही, त्यामुळे लिनक्सवर दोन आणि विंडोजवर एकच फाइल असा घोळ आपल्या लिपीत होत नाही. दुसरे घोळ मात्र होतात.

विंडोजची साधी फंक्शनं जी जुनी कोडपेजं (अक्षरांना आकडे देणारी कोष्टकं) वापरतात, त्यांत देवनागरी नाहीच. कन्नड, तेलुगूही नाहीत, आणि सोलापुरात या तिन्ही लिप्यांतली नावं येणार. साध्या एफओपनला यूटीएफ-८ मधलं (सगळ्या लिप्या बाइटांत साठवायची लिनक्सवरची नेहमीची पद्धत) नाव दिलं की एरवी फाइल सापडत नाही किंवा भलत्याच नावाची तयार होते. तुमच्या "फाइल उघड" फंक्शनमध्ये मल्टिबाइटटूवाइडकॅर वापरून नाव यूटीएफ-१६ मध्ये, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या पद्धतीत, बदला आणि अंडरस्कोर-डब्ल्यूएफओपनला द्या.

आता "व्यापाऱ्यांची" हा शब्द घ्या. डोळ्यांना चार अक्षरं, यूटीएफ-८ मध्ये ३९ बाइट. लिनक्सवर फाइलीच्या नावाला सहसा २५५ बाइटांची मर्यादा असते, म्हणजे देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हं. शिवाय त्यातला ऱ. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम तो फोडून र आणि नुक्ता असा साठवते, मग तोच शब्द ४२ बाइटांचा होतो. काही कीबोर्ड र, हलंत आणि झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह) असं तिसरंच रूप देतात. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात, पण शब्दांची तुलना करणारा स्ट्रकंप तिन्ही वेगळी मानतो.

म्हणून मी फाइलींना आकड्यांची नावं देतो आणि मराठी नाव फाइलीच्या आत लिहितो. दिसायला रूक्ष, पण त्यानंतर या पायरीसाठी फोन आलेला नाही.

५. यादी काढताना

पॉसिक्सवर ओपनडिरनंतर प्रत्येक नाव रीडडिर देतं. विंडोजवर फाइंडफर्स्टफाइल उघडतानाच पहिलं नाव हातात ठेवतं. हे विसरलं की पहिलीच फाइल गळते. आणि क्रमावर भरवसा नको. विंडोजच्या एनटीएफएस फाइल सिस्टिमवर नावं बहुधा क्रमानं येतात, लिनक्सच्या ईएक्सटी४ वर कशीही. यादी जमवून सीच्या क्यूसॉर्ट फंक्शननं स्वतः क्रमानं लावा.

६. तपासणी

मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४ हा कंपायलर वापरून लिनक्सवरूनच विंडोजची एक्झी बनते, वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं साधन) चालवूनही बघता येते. तरी शेवटची चाचणी खऱ्या विंडोजवर, आणि तीही त्याच फोल्डरमध्ये सलग दोनदा चालवून घ्या. माझी चूक दुसऱ्या फेरीतच सापडली असती.