स्नूकरच्या निकालातले आकडे कसे वाचायचे
२०२५च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत झाओ शिनतोंगने मार्क विल्यम्सला १८-१२ असं हरवलं. बातमी तिथेच संपते. पण फ्रेमवार (फ्रेम म्हणजे सामन्यातला एक डाव) स्कोअर मिळाला तर न पाहिलेला सामनाही बराचसा उलगडतो.

आधी सामना किती फ्रेमचा होता ते बघा. 'बेस्ट ऑफ १९' म्हणजे आधी १० फ्रेम जिंकेल तो विजयी. शेफील्डच्या क्रूसिबल थिएटरमध्ये होणाऱ्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत पहिली फेरी १९ फ्रेमची, दुसरी आणि उपांत्यपूर्व २५ची, उपांत्य ३३ची आणि अंतिम सामना ३५चा. हे माहीत नसेल तर १०-८ म्हणजे निर्णायक फ्रेम एकाच पावलावर होती, हे लक्षात येत नाही.

मोठे सामने सेशनमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या सत्रांत, विभागलेले असतात, म्हणून प्रत्येक सेशनअखेरचा स्कोअर वेगळा लिहून काढा. २०२३च्या जागतिक स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात लुका ब्रेसेल सी जियाहुईविरुद्ध ५-१४ असा मागे होता. तिसरं सेशन संपलं तेव्हा स्कोअर होता १०-१४. खरी कलाटणी त्या पाच फ्रेममध्ये आहे. १७-१५ या अंतिम आकड्यात ती दिसतच नाही.

आता एकेक फ्रेम. कंसातला आकडा म्हणजे ब्रेक, एकाच खेपेत सलग मिळवलेले गुण. साधारणपणे ५० किंवा त्याहून मोठे ब्रेकच देतात. ७४-८ (७४) म्हणजे एका खेपेत काम फत्ते. तेच ७४-८ कंसाशिवाय असेल तर गुण तुकड्यातुकड्यांनी जमले, मध्ये सेफ्टीची (प्रतिस्पर्ध्याला सोपा फटका न ठेवण्याची) झुंज झाली असणार. दोन्ही खेळाडूंपुढे कंस असेल, म्हणजे (५५) ५५-६८ (६८), तर ती ओळ थांबून वाचा: एकाचा ब्रेक अर्धवट तुटला आणि दुसऱ्याने फ्रेम हिसकावून नेली.

फ्रेम ७४वरच का थांबली, असा प्रश्न नवख्यांना हमखास पडतो. टेबलावर उरलेले लाल बॉल गुणिले ८ (लालचा १ आणि काळ्याचे ७), अधिक २७ (सहा रंगीत बॉलची बेरीज), एवढेच गुण शिल्लक असतात. पिछाडी त्याहून मोठी झाली की नुसत्या पॉटिंगने (बॉल पॉकेटमध्ये टाकून) फ्रेम जिंकता येत नाही. प्रतिस्पर्ध्याला स्नूकर करून (त्याचा सरळ फटक्याचा मार्ग अडवून) फाउल मिळवावे लागतात, आणि एका फाउलचे किमान ४ गुण. ते अशक्य वाटलं की खेळाडू फ्रेम सोडतो. लाल संपल्यावर उरलेल्या रंगांचीच बेरीज करा. १९८५च्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, १७-१७ असताना, स्टीव्ह डेव्हिस ६२-४४ने पुढे होता. उरले होते तपकिरी, निळा, गुलाबी, काळा: ४+५+६+७, म्हणजे २२. पिछाडी १८ची. डेनिस टेलरला चारही बॉल हवेच होते. गुलाबीनंतर ५९-६२ झालं आणि शेवटच्या काळ्यावर ६६-६२.

सगळ्या फ्रेमच्या गुणांची बेरीज करून कोण वरचढ होता ते ठरवू नका. जिंकलेल्या फ्रेमच मोजल्या जातात, त्यामुळे कमी गुण मिळवूनही सामना जिंकता येतो. नावांचा क्रमही तपासा: कुठे विजेता आधी लिहितात, कुठे ड्रॉमध्ये (स्पर्धेच्या सामन्यांच्या तक्त्यात) वर असलेला.

निकालाचा क्रमवारीवर काय परिणाम होईल ते पाहायचं असेल तर स्पर्धा रँकिंगची आहे का ते बघा. क्रमवारी दोन वर्षांच्या बक्षीस रकमेवर ठरते. मास्टर्स निमंत्रितांची स्पर्धा आहे; तिथलं बक्षीस मोठं असलं तरी क्रमवारीत धरलं जात नाही.