एकआसनी गाडीच्या पिटमधला पहिला हंगाम : नव्या अभियंत्यांसाठी काही अनुभव

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या चमूने बांधलेली गाडी घेऊन आम्ही फॉर्म्युला भारत स्पर्धेसाठी पुण्याहून कोइंबतूरला गेलो, तेव्हा कारी मोटर स्पीडवे हे माझ्या लेखी केवळ स्पर्धेचे ठिकाण होते. दीड वर्षाने त्याच ट्रॅकवर, मोटार शर्यतींच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेतील एलजीबी फॉर्म्युला 4 या एकआसनी गाड्यांच्या गटात दोन गाड्या उतरवणाऱ्या एका लहान संघाची कनिष्ठ अभियंता म्हणून मी अख्खा हंगाम काढला. या क्षेत्रात शिरायचे कसे, तिथे नेमके काम काय असते आणि त्यावर पोट भरते का, असे तीन प्रश्न मला धाकटे विद्यार्थी वारंवार विचारतात. त्यांची उत्तरे मला जशी मिळाली तशी मांडते. चालक होऊ इच्छिणाऱ्यांची वाट वेगळी आहे. ती लहान वयात कोल्हापूरच्या मोहिते यांच्या ट्रॅकसारख्या ठिकाणी कार्टिंगपासून, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतींपासून, सुरू होते आणि तिला घरच्या पैशांचे किंवा प्रायोजकाचे पाठबळ लागते. मी बोलते आहे ते हातात पाना आणि वही घेऊन पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्यांच्या देखभालीच्या जागेत, उभे राहणाऱ्यांविषयी.

ज्या गटात काम करायचे त्याचा पूर्वेतिहास थोडा ठाऊक असावा. भारतात स्वस्त एकआसनी गाडीची कल्पना कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी 1980च्या दशकाच्या अखेरीस फॉर्म्युला मारुतीच्या रूपाने प्रत्यक्षात आणली. 1995 साली विमान अपघातात त्यांचे निधन झाले आणि 2003 मध्ये चेट्टिपाळयम येथे सुरू झालेल्या ट्रॅकला त्यांचे नाव देण्यात आले. एलजीबी ही अक्षरे एल. जी. बालकृष्णन अँड ब्रदर्स या कोइंबतूरच्याच कंपनीची आहेत. मोटारसायकलच्या चेन बनवणारी ही कंपनी या गटामागे उभी राहिली. गाडीला लोखंडी नळ्यांची चौकट, मारुतीचे इंजिन आणि जेके टायरचे टायर असतात, आणि फॉर्म्युला वनच्या गाडीला दिसतात तसे पुढचे-मागचे पंख नसतात. चित्रात पाहिलेल्या गाड्यांच्या तुलनेत ती साधी, क्वचित जुनाटही वाटते. माझी स्वतःची पहिली प्रतिक्रिया निराशेची होती, हे कबूल करायला हरकत नाही, कारण महाविद्यालयात आम्ही कार्बन फायबर आणि संगणकीय वायुगतिकी यांच्या गप्पा मारत होतो.

ही निराशा पहिल्याच फेरीत ओसरली. सर्वांच्या गाड्या जवळपास सारख्या असल्या की फरक पाडायला शिल्लक राहते ते फार थोडे, आणि ते थोडे फार काळजीपूर्वक करावे लागते. इंजिनाला अधिकाऱ्यांचे सील असते, त्याला हात लावता येत नाही. चौकट ठरलेली, टायर ठरलेले. मग अभियंत्याच्या हाती उरतात टायरमधील हवेचा दाब, चाकांचे कोन, गाडीची जमिनीपासूनची उंची, चार चाकांवर वजनाची वाटणी आणि चालकाशी होणारे बोलणे. नव्याने येणाऱ्याने म्हणून सर्वांत आधी नियमावली वाचावी, आणि कशाला परवानगी आहे यापेक्षा कशाला नाही याची यादी आधी करावी. मी ती केली नव्हती, आणि पहिल्या दिवशी सुचवलेल्या चार सुधारणांपैकी तीन बेकायदा निघाल्या.

टायरच्या दाबाचे उदाहरण घ्या. सकाळी 25 अंश सेल्सिअसला टायरमध्ये 20 पीएसआय हवा भरली आणि ट्रॅकवर आतील हवा 70 अंशांपर्यंत तापली, तर वायूच्या साध्या नियमानुसार दाब सुमारे 5 पीएसआयने वाढतो. अकरावीच्या पुस्तकातले हे गणित आहे. मात्र शर्यत किती लॅपची, म्हणजे ट्रॅकच्या किती वळशांची, आहे, पहिले दोन लॅप थंड टायरवर जागा राखता येईल का, आणि शेवटच्या दोन लॅपमध्ये दाब इतका वाढेल का की टायर मधोमधच टेकेल, हे ठरवूनच सुरुवातीचा आकडा निवडावा लागतो. शर्यतीतली सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या पात्रता फेरीत दोन-तीन चांगले लॅप पुरतात, म्हणून तिथे आकडा वेगळा आणि शर्यतीत वेगळा. त्यातच कोइंबतूरला पालघाट खिंडीतून येणारा वारा असतो. पावसाळ्याच्या महिन्यांत तो दुपारी असा सुटतो की सकाळचे ब्रेक लावण्याचे ठिकाण दुपारी चुकीचे ठरते. मी वहीत दर सत्राला हवेचे तापमान, ट्रॅकचे तापमान, वाऱ्याची दिशा आणि चारही टायरचे गाडी आत येताक्षणीचे दाब लिहू लागले, आणि तिसऱ्या फेरीपर्यंत ही वही माझ्या लॅपटॉपपेक्षा अधिक उपयोगी ठरली. दाब मोजायला मिनिटभर जरी उशीर झाला तरी आकडा खोटा होतो, म्हणून गाडी थांबण्याआधीच दाबमापक हातात घेऊन उभे राहण्याची सवय लावून घ्यावी.

आता माझ्या चुकीविषयी, कारण नव्या माणसाला हीच गोष्ट सर्वाधिक कामी येईल. गाडी आणि चालक यांचे मिळून किमान वजन नियमात ठरलेले असते आणि ते शर्यत संपल्यावर अधिकाऱ्यांच्या काट्यावर तपासले जाते. चालक हलका असेल तर गाडीत शिशाचे वजन बोल्टने बसवतात. ते जितके कमी तितके चांगले, कारण फाजील किलो म्हणजे फाजील वेळ. दुसऱ्या फेरीत मी आमच्याच चार काट्यांवर गाडी तोलली, शर्यतीत जळणारे पेट्रोल वजा केले आणि अगदी काठावरचा हिशेब करून शिसे काढायला सांगितले. त्या शर्यतीत आमचा चालक तिसरा आला. वर्कशॉपमधली मुले अजून टाळ्या वाजवत होती, तेवढ्यात पार्क फर्मेमधून, म्हणजे शर्यतीनंतर गाड्या तपासणीसाठी ठेवतात त्या जागेतून, निरोप आला की गाडी 600 ग्रॅम कमी भरते. निकाल रद्द झाला. एका लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास असते, म्हणजे लिटरभराहूनही कमी पेट्रोलाने आम्ही तिसरा क्रमांक गमावला होता. मागाहून शोध घेतला तेव्हा कळले की आमच्या तंबूखालची जमीन सपाट नव्हती, चालकाने सकाळी पाणी पिऊन वजन दिले होते आणि उन्हात अर्धा तास अग्निरोधक पोशाखात बसल्यावर त्याचा बराच घाम गेला होता. पण या सगळ्याहून मोठी चूक वेगळीच होती. अधिकाऱ्यांचा काटा सरावाच्या दिवशी सर्व संघांना वापरता येतो, आणि मी तिकडे फिरकलेसुद्धा नव्हते. तुमचा काटा कितीही महागडा असो, निकाल ज्या काट्यावर लागतो त्यावरच आधी तोलावे. त्या संध्याकाळी चालकाचे वडील माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत, आणि मला ते योग्यच वाटले.

दुसरी चूक कमी महाग होती, पण अधिक शिकवणारी. गाडीत आम्ही जीपीएसवर चालणारे लहान नोंदयंत्र बसवले होते, त्यावरून प्रत्येक लॅपमधला वेग आलेखात दिसे. एका सरावात मागच्या चाकांचे कोन किंचित बदलल्यावर सरळ रस्त्याच्या टोकाला वेग वाढलेला दिसला, आणि मी आनंदाने ते बदल कायम ठेवायला सांगितले. मुख्य मेकॅनिक, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो, त्यांनी तो आलेख पाहून मला एवढेच विचारले, ‘‘एन्नम्मा (काय गं), त्या लॅपला पुढे कोण होते?’’ पुढे दुसऱ्या संघाची गाडी होती आणि आमची गाडी तिच्या मागच्या कमी दाबाच्या पट्ट्यातून ओढली जात होती. पंख नसलेल्या या गाड्यांमध्ये हा स्लिपस्ट्रीमचा परिणाम एवढा ठळक असतो की शेवटच्या लॅपला आघाडीवर असणे हे अनेकदा नुकसानीचे ठरते, आणि चार-पाच गाड्या एकमेकींना चिकटून अंतिम रेषा ओलांडतात. त्यानंतर मी आलेखाच्या प्रत्येक लॅपपुढे ‘एकटी’ किंवा ‘मागे’ असा शेरा लिहू लागले आणि तुलना फक्त एकट्याने काढलेल्या लॅपचीच केली.

मराठी कानाला अण्णा हा शब्द घरचा वाटतो, तमिळमध्ये तो मोठ्या भावासाठी आहे. या एका शब्दाने माझे अर्धे परकेपण संपले. पॅडॉकमधली, म्हणजे ट्रॅकवरच्या संघांच्या तळावरची, कामाची भाषा तमिळ आणि इंग्रजी यांची भेळ असते आणि हिंदीचा उपयोग कमी. अंक, डावे-उजवे, सैल-घट्ट आणि ‘थांबा’ एवढे तमिळ शब्द आधी शिकून घ्या, कारण गाडीखाली माणूस झोपलेला असताना शब्द शोधत बसणे धोक्याचे आहे. मुलगी असल्यामुळे अडचण आली का, हेही विचारले जाते. पहिल्या दिवशी मला प्रायोजकाची पाहुणी समजून खुर्ची देण्यात आली होती. दुसऱ्या दिवशी टॉर्क पाना देण्यात आला.

चालकाशी बोलण्याचे कसब मात्र कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवले जात नाही. आमचा चालक 17 वर्षांचा होता, आणि गाडीतून उतरल्यावर त्याचे पहिले वाक्य बहुधा ‘गाडी सरकते’ हे असे. कुठली चाके सरकतात, वळणात शिरताना की मध्यावर की बाहेर पडताना, ब्रेक सोडल्यावर की गॅस दिल्यावर, असे एकेक विचारत गेल्यावर त्या दोन शब्दांतून कधी टायरचा दाब निघे, कधी चाकाचा कोन, आणि कधी निव्वळ हे की तो समोरच्याला गाठण्याच्या घाईत ब्रेक उशिरा लावत होता. शेवटचे कारण त्याला सांगण्याची वेळ निवडावी लागते. हेल्मेट काढल्यापासून पहिली दहा मिनिटे मी फक्त ऐकत असे आणि लिहीत असे. आलेख जेवणानंतर उघडत असे. शर्यत चालू असताना माझ्या हाती होता तो पिट बोर्ड. त्यावर क्रमांक, मागच्याशी असलेले अंतर आणि उरलेले लॅप एवढेच मावते. ताशी शंभराहून अधिक वेगाने जाणाऱ्या मुलाला एका नजरेत काय कळायला हवे, हे ठरवताना मोठमोठी प्रेझेंटेशन्स करण्याची माझी सवय गळून पडली.

शर्यतीचा आठवडा कसा जातो, ते थोडक्यात सांगते. गुरुवारी स्क्रुटिनी, म्हणजे गाडी, हेल्मेट, पोशाख आणि कागदपत्रांची तपासणी. भारतीय मोटरस्पोर्ट्स महासंघाचा, म्हणजे एफएमएससीआयचा, परवाना नसेल तर चालक गाडीतही बसू शकत नाही. शुक्रवारी सराव, शनिवारी पात्रता फेरी आणि पहिली शर्यत, रविवारी उरलेल्या शर्यती. झोप कमी, चालणे खूप.

आत शिरण्याचा मार्ग मला वाटला होता त्यापेक्षा सरळ निघाला. फॉर्म्युला भारतची स्पर्धा कारीवरच होते आणि कोइंबतूर परिसरात शर्यतीच्या गाड्यांची देखभाल करणारी वर्कशॉप आहेत. स्पर्धेच्या वेळी एक दिवस काढून मी तिथे गेले, आमच्या गाडीच्या तपासणीचे कागद दाखवले आणि एका फेरीपुरते बिनपगारी काम मागितले. अर्जात मी डिझाइन अहवालातले गुण मोठ्या अभिमानाने लिहिले होते. समोरच्याने त्यांकडे पाहिलेही नाही. ‘ब्रेकमधली हवा काढता येते का, आणि रात्री अकराला काढशील का,’ हा त्यांचा प्रश्न होता. ज्यांना चेन्नई जवळ आहे त्यांनी इरुंगट्टुकोट्टई येथील मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या ट्रॅकवर मार्शल म्हणून, म्हणजे ट्रॅकच्या कडेला झेंडे दाखवणारा आणि अपघातात धावून जाणारा म्हणून, स्वयंसेवा करण्याचाही विचार करावा. झेंडे, अपघात आणि नियम यांची समज तिथे जशी येते तशी पिटच्या भिंतीमागे येत नाही.

पैशांविषयी स्पष्ट बोलते. पहिल्या हंगामात मला फेरीगणिक मानधन, जेवण आणि राहण्याची सोय मिळाली. कुर्ला–कोइंबतूर एक्स्प्रेसचे तिकीट बहुतेक वेळा मीच काढले. राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या वर्षभरात मोजक्याच असल्यामुळे उरलेल्या महिन्यांत चाकण-पिंपरीच्या वाहन उद्योगात चाचणी विभागात कंत्राटी काम केले. सोबतच्या अनेकांचे गणित असेच आहे. घरच्यांना हे आधी सांगावे, म्हणजे ‘एवढे शिकून गाडी पुसतेस का’ हा प्रश्न निदान उशिरा येतो.

पुढची पायरी म्हणून आज भारतातच, नावात साम्य असले तरी एलजीबीच्या गटाहून वेगळी, फॉर्म्युला 4 ची आंतरराष्ट्रीय मान्यता असलेली स्पर्धा आहे. एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने 2014 मध्ये हा गट कार्टिंगमधून पुढे येणाऱ्या जगभरातील चालकांसाठी सुरू केला आणि त्याची भारतीय स्पर्धा 2023 मध्ये प्रथम पार पडली. तिथली गाडी फ्रेंच बनावटीची मिगाल, चौकट कार्बन फायबरची, चालकाच्या डोक्यावर हॅलो नावाची संरक्षक कडी, वयाची किमान अट 15 वर्षे. राष्ट्रीय फॉर्म्युला 4 च्या विजेत्याला फॉर्म्युला वनच्या परवान्यासाठी लागणाऱ्या 40 गुणांपैकी 12 गुण मिळू शकतात, म्हणून परदेशी मुलेही येतात. 2023 चा विजेता कूपर वेबस्टर ऑस्ट्रेलियाचा आणि 2024 चा अकील अलिभाई दक्षिण आफ्रिकेचा होता. 2024 च्या ऑगस्टअखेर चेन्नईच्या आयलँड ग्राउंड्सभोवती, शहरातल्या रस्त्यांवर रात्री या गाड्या धावल्या, तेव्हा मी प्रेक्षक म्हणून गेले होते. शनिवारी पावसाने वेळापत्रक लांबले, आणि लोक प्रकाशझोतांकडे बघत बसले असताना मी कुंपणापलीकडच्या पिटमध्ये टायर कसे झाकून ठेवले आहेत ते पाहत होते. या स्पर्धेत माहितीचे आलेख, संगणक आणि मदतीला परदेशी अभियंते असतात, पण नव्याला घेताना तिथेही आधी विचारतात ते हेच, की शर्यतीच्या गाडीखाली किती तास काढले आहेत.

आमच्या हंगामाची शेवटची फेरी कारीवरच होती. शुक्रवारी सकाळी आठला, काट्याचे दार उघडण्याआधीच, मी गाडी ढकलत तिथे रांगेत उभी केली. पुढे दोन संघ होते आणि त्यांतला एक आमच्यासारखाच पूर्वी कमी भरलेला. रविवारच्या शर्यतीत चालक पाचवा आला आणि पार्क फर्मेमध्ये गाडी किमान वजनापेक्षा 900 ग्रॅम जास्त भरली. अण्णांच्या मते यातले 500 ग्रॅम अनाठायी होते.