लोकलची धास्ती बसली असेल तर

गर्दीच्या डब्यात एकदा जीव घुसमटला की पुढे दादरच्या पुलावर पाय ठेवतानाच धडधडायला लागतं. मेंदूत खोलवर अमिग्डाला नावाचा बदामाएवढा पुंजका असतो. गाडीचा खडखडाट आणि घुसमट यांचे संदेश तिथल्या त्याच पेशींवर एकदम पोचले की जोड पक्का होतो. मग नुसता खडखडाटही पुरतो. जागेची नोंद मेंदूतल्याच हिप्पोकॅम्पस या भागाकडे, म्हणून पूलही धोक्यात जमा.

हा जोड सहसा पुसला जात नाही. सरावाने 'इथे काही होत नाही' ही दुसरी आठवण शेजारी तयार होते आणि कपाळामागचा मेंदू तिच्या जोरावर अमिग्डालाला आवरतो.

छातीचं दुखणं, दमा नाही ना, हे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. मग प्रसंग लिहून प्रत्येकाला भीतीचे 0 ते 100 गुण द्या. समजा, फलाटावर 20 मिनिटं बसणं 30, दुपारी दोनच्या धीम्या लोकलने दादर ते माटुंगा 45, सकाळी नऊची जलद 95. 40 गुणांच्या आसपासच्या प्रसंगापासून सुरुवात करा.

निघण्यापूर्वी नेमकं भाकीत लिहा: 'माटुंग्याआधी मी बेशुद्ध पडेन.' 'त्रास होईल' असं लिहून उपयोग नाही, कारण त्रास होतोच, आणि मेंदू शिकतो तो भाकीत चुकल्यावर. उतरल्यावर काय घडलं ते शेजारी लिहा. त्याच दिवशी चार-पाच फेऱ्या करा. धडधड थांबली नाही तरी फेरी वाया जात नाही.

फसतं ते बहुधा कुबड्यांमुळे: हातात पाण्याची बाटली, सोबत भाऊ, आधी घेतलेली गोळी. मग 'वाचलो ते बाटलीमुळे' एवढंच मेंदू शिकतो. (डॉक्टरांनी दिलेली गोळी मात्र मनाने बंद करू नका.) घाबरून मधल्याच स्टेशनला उतरलात, तर सुटकेचं बक्षीस भीतीला मिळतं. दारात लटकणं हा सराव नव्हे. तिथला धोका खराच आहे.

फक्त रविवारी दुपारी सराव केलात तर नवी आठवण रविवारपुरतीच राहते. डबा, वेळ, मार्ग बदला, हार्बर मार्गाची लोकलही घ्या. महिनाभर खंड पडला की भीती परत डोकावते. ठरावीक आवाजाला लाळ गाळायला शिकलेल्या, रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांतही विझलेला प्रतिसाद काही काळाने परतत असे. अशा वेळी यादीत दोन पायऱ्या खाली या, तिथून पुन्हा चढा.

अपघात पाहिला असेल आणि महिन्यानंतरही तो स्वप्नात येत असेल, तर हे एकट्याने करू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे.