परदेशी चाललात? बुटांचे जोड दोन घ्या

जुलै सरत आला की शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर हमखास कुणीतरी गाठतं. "ताई, तिकडे रनिंगचं काय करायचं?" विचारणारं पोर ऑगस्टमध्ये शिकायला अमेरिकेला निघालेलं असतं. व्हिसा झालाय, तिकीट झालंय, घरी भाजणी दळून आलीय, आता पायांची काळजी. मी काही वर्षं नोकरीनिमित्त शिकागोला होते, आता पुन्हा दादरकर. धावणं आणि बास्केटबॉल, दोन्ही तिकडे चालू होतं, इथेही आहे. दर वेळी फेरी मारता मारता अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा बैजवार लिहिते. उदाहरणं शिकागोची आहेत, पण टोरांटो किंवा बर्लिनला चाललेल्यांनाही बरंचसं लागू पडेल.

आधी माझं ठाम मत. नुसतं धावायचं ठरवून जाऊ नका, बास्केटबॉलही सोबत न्या. धावण्यानं शहर पायाखालचं होतं, पण ओळखी होत नाहीत. समोरून येणारा हात किंचित वर करतो आणि निघून जातो, झालं. कोर्टवर नऊ जण जमले असले की त्यांना दहावा लागतोच, मग तो कुठला का असेना. मला तिकडे घर बदलायला मदत करणारे, थँक्सगिव्हिंगला जेवायला बोलावणारे, सगळे कोर्टवरचे. रनिंग ग्रुपातल्या अर्ध्या लोकांची मला नावंही आठवत नाहीत.

खेळ येत नसेल तर जायच्या आधी महिनाभर तरी हात बसवून घ्या. मुंबईत बास्केटबॉल म्हटलं की नागपाडा. मस्तान वायएमसीए, नागपाडा नेबरहूड हाउस, या कोर्टांवरून पोरं थेट देशाच्या संघात गेलीत. माटुंग्याला इंडियन जिमखाना आहे, डॉन बॉस्कोही आहे. खेळायला नाही मिळालं तर बाहेर उभं राहून बघा. पाच-साडेपाच फुटी पोरगा स्वतःहून हातभर उंच माणसाला पाठ लावून कसा अडवतो आणि रिबाउंड, म्हणजे रिंगला लागून परत उडालेला बॉल, कसा काढतो, ते बघण्यासारखं असतं. परदेशात तुम्ही बहुतेकदा कोर्टवरचे बुटके असणार, तेव्हा हेच कामाला येईल. लेअप (धावत रिंगपाशी जाऊन हलकेच टाकलेला बॉल) दोन्ही हातांनी, चेस्ट पास (छातीपासून दोन्ही हातांनी दिलेला) आणि मान वर ठेवून ड्रिबल (बॉल आपटत नेणं), एवढं पुरे. लांबून बास्केट मारायची हौस तिकडच्या प्रत्येकालाच असते, पास देणारा मात्र सगळ्यांना हवा असतो.

आता बुटांचं. रनिंगच्या बुटांत बास्केटबॉल खेळायचा नाही म्हणजे नाही. रनिंगचा बूट सरळ पुढे जायला बनवलेला असतो, टाच उंच आणि मऊ. बास्केटबॉलमध्ये पाय सारखा आडवा पडतो, वळतो. त्या उंच मऊ टाचेवर आडवा भार आला की घोटा लचकतो, आणि या खेळात सगळ्यात जास्त दुखावतो तो घोटाच. म्हणून जोड दोन. रनिंगचे इथूनच वापरून पायाला बसलेले न्या, पहिल्या आठवड्यात नवे बूट नकोत. कोर्टचे तिकडे घेतले तरी चालेल, फक्त नंबर बघा. आपल्याकडे यूकेचा नंबर चालतो, अमेरिकेत पुरुषांचा साधारण एकनं वाढतो आणि बायकांचा दोनच्या आसपास. दुकानात जाऊन पाय घालून बघणं उत्तम.

बॅगेत क्रेप बँडेज टाका. जुना घोटा किंवा गुडघा दुखत असेल तर जायच्या आधी इथल्या फिजिओकडे जाऊन व्यायाम समजून घ्या. तिकडे फिजिओची वेळ आणि बिल, दोन्ही रडवतात. इन्शुरन्सचे कागद पहिल्या आठवड्यात वाचा. रात्री पाय मुरगळला म्हणून थेट इमर्जन्सी रूमला धावायचं नाही. अर्जंट केअर नावाची लहान केंद्रं असतात, तिथे मुरगळण्याचं भागतं आणि पैसेही खूप कमी जातात. आपल्या इन्शुरन्समध्ये कुठलं केंद्र बसतं ते पाय शाबूत असतानाच बघून फोनमध्ये टाकून ठेवायचं. थंडीचे कपडे मात्र इथून नेऊ नका. आपल्या दुकानांत मिळतं ते मनालीला बर्फात फोटो काढायला ठीक, त्यात धावता येत नाही.

घर बघताना सगळे आधी विचारतात, इंडियन ग्रोसरी किती लांब? शिकागोत डेव्हॉन ॲव्हेन्यूवर पोह्यांपासून कोकमापर्यंत सगळं मिळतं, महिन्यातून एकदा बसनं जा की. रोज लागतात त्या दोन गोष्टी वेगळ्या. एक, सिग्नलशिवाय सलग धावता येईल अशी वाट, आणि दुसरी, बंदिस्त जिम असलेलं सार्वजनिक पार्क. दोन्ही दहा मिनिटं चालण्याच्या आत असतील तर भाडं थोडं जास्त पडलं तरी घ्या. थंडीत वीस मिनिटांचं अंतर असलं की माणूस जात नाही. शिकागोत ही सोय चांगली आहे. पार्क डिस्ट्रिक्ट, म्हणजे शहराची पार्कं सांभाळणारी संस्था, तिच्या कितीतरी पार्कांत फील्डहाउस नावाची बंदिस्त इमारत असते, आत लाकडी कोर्ट. विद्यार्थ्यांना तर युनिव्हर्सिटीचं रेक सेंटर, म्हणजे व्यायाम-खेळांचं केंद्र, फीमध्येच मिळतं, फक्त ओळखपत्र दाखवायचं. फी भरलेलीच आहे, वापरा.

धावायला तिथे लेकफ्रंट ट्रेल आहे. मिशिगन सरोवराच्या काठानं साडेअठरा मैल, म्हणजे जवळजवळ 30 किलोमीटर. उत्तरेला आर्डमोरपासून दक्षिणेला 71व्या रस्त्यापर्यंत, चालणाऱ्या-धावणाऱ्यांची वाट वेगळी, सायकलींची वेगळी. नरिमन पॉइंट ते गिरगाव चौपाटी तीन-साडेतीन किलोमीटरमध्ये वळायची सवय असलेल्याला पहिल्यांदा वळायचं सुचतच नाही. जेवढं जाल तेवढं परत यायचंय, एवढं लक्षात ठेवा. दुसरी गंमत दिशेची. मुंबईकराच्या डोक्यात पाणी म्हणजे पश्चिम. तिथे पाणी पूर्वेला. मरीन ड्राइव्हवर चौपाटीकडे धावताना समुद्र डाव्या हाताला, तिथे उत्तरेकडे धावताना सरोवर उजव्या हाताला. सूर्य पाण्यातून वर येतो. बरेच दिवस घरी परतताना मी उलट्या दिशेला बघायचे.

शहरात रस्त्यांची चौकट इतकी सरळ आहे की घड्याळ विसरलात तरी अंतर मोजता येतं. आठ मोठे ब्लॉक म्हणजे एक मैल, आणि घरांचे नंबर 800 नं वाढले की एक मैल झाला. मैलाची सवय करून घ्या, कारण ट्रेडमिलही मैलातच बोलतो. 6 वर लावला की मैल दहा मिनिटांत, म्हणजे किलोमीटरला सव्वासहा मिनिटांच्या आत. आपल्याकडचं 10 डोळे झाकून दाबलंत तर मागच्या भिंतीवर जाल.

रस्ता ओलांडण्याबद्दल जरा थांबून सांगते, कारण इथे जिवाशी गाठ आहे. आपली मान जन्मापासून आधी उजवीकडे वळते. तिकडे गाड्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणजे पहिली गाडी डावीकडून येते. फूटपाथ नसेल तर समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूनं धावायचं, म्हणजे तिथे रस्त्याच्या डाव्या कडेनं. आणि अमेरिकेत बऱ्याच चौकांत लाल सिग्नल असतानाही गाडीला उजवीकडे वळायची मुभा असते. वळणारा ड्रायव्हर डावीकडे गाडी येतेय का बघत असतो, त्याच्या उजवीकडून धावत आलेले तुम्ही त्याला दिसतच नाही. तुमचा सिग्नल हिरवा असला तरी त्याच्या डोळ्यांत बघितल्याशिवाय गाडीपुढे पाऊल टाकू नका. नजर मिळाली नाही तर थांबा, घड्याळातले चार सेकंद गेले तर गेले.

थंडी. ऑक्टोबरपर्यंत मजा असते. खरं तर धावायला तो सोन्याचा महिना, शिकागो मॅरेथॉनही तेव्हाच होते. 2023 साली केनियाच्या केल्विन किप्टमनं 2 तास 35 सेकंदांचा तेव्हाचा विश्वविक्रम याच सपाट रस्त्यांवर केला. मग नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि डिसेंबरात सव्वाचार-साडेचारला सूर्य मावळतो. ऑफिस सुटतं तेव्हा रात्र. अंगावर चमकणारी पट्टी आणि कपाळाला दिवा तेव्हा लागतोच, आणि बाईमाणसानं अंधारात ट्रेलच्या सुनसान टोकाला जाऊ नये हेही सांगते. मी वस्तीतल्या उजेडाच्या रस्त्यांवर त्याच त्या फेऱ्या मारायचे, शिवाजी पार्कला मारतो तशाच.

कपड्यांचं सूत्र असं: बाहेर आहे त्याहून दहा अंश जास्त आहे समजून कपडे घाला. दारातून निघताना थोडी हुडहुडी भरली पाहिजे. दारातच उबदार वाटलं तर दहा मिनिटांत घामानं भिजाल, आणि त्या थंडीत ओला कपडा म्हणजे आजारपण. अंगाला लागून सुती काहीही नको, बनियनसुद्धा नाही. आधी पातळ पॉलिस्टर किंवा लोकर, वर वारा अडवणारं जाकीट. हातमोजे बोटांना वेगवेगळे असतात त्यापेक्षा चार बोटं एकत्र राहणारे जास्त गरम. गालांना, नाकाला व्हॅसलीन. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा आणि येताना वारा पाठीवर घ्या. उलट केलंत तर घामेजलेलं अंग घेऊन वाऱ्याला सामोरं जावं लागतं. हिवाळ्यात ट्रेलवरचे पाण्याचे नळ बंद असतात आणि कोरड्या हवेत तहान कळत नाही, तेव्हा घरून पिऊन निघा. लाटा वाटेवर येऊन गोठतात. काळा डांबरी रस्ता नुसता ओला दिसत असला तरी तो बर्फ असू शकतो. शंका आली की चाला. उणे पंधराला मात्र कसली मर्दुमकी, सरळ जिममध्ये जा.

जिममध्ये गेलात की आता खरा खेळ. ओपन जिमची, म्हणजे कुणीही येऊन खेळावं अशी, वेळ बघून जा, बाकी वेळी कोर्ट लहान मुलांच्या क्लासला दिलेलं असतं. आत शिरल्यावर कुणी या बसा म्हणणार नाही. कडेला उभ्या असलेल्यांना विचारायचं, "हूज गॉट नेक्स्ट?", म्हणजे पुढची मॅच कुणाची? लोकलमध्ये शिरल्या शिरल्या बसलेलीला "कुठे उतरणार?" विचारून सीट धरतो, अगदी तोच प्रकार. ज्याचा नेक्स्ट आहे त्याला सांगा, मला घे. त्याचे पाच भरले असतील तर त्याच्या नंतरचा नेक्स्ट तुमचा, तसं मोठ्यानं सांगा. लाजलात तर दोन तास उभे राहाल, हे नक्की. जिंकणारे कोर्टवर राहतात, हरणारे बाहेर जातात, त्यामुळे गर्दीच्या दिवशी पोरं जीव तोडून खेळतात.

गुण बहुतेक ठिकाणी एक आणि दोन असे मोजतात, आतून एक आणि रिंगपासून लांब आखलेल्या कमानीच्या बाहेरून दोन. 11 पर्यंत की 15 पर्यंत ते आधी विचारा. पंच नसतो. ज्याला लागलं त्यानं फाऊल ओरडायचा, बाकीच्यांनी मानायचा. हाताला बोट लागलं म्हणून ओरडत बसलात तर पुढच्या वेळी कुणी संघात घेणार नाही. मुलींसाठी एक सूचना: आपण 6 नंबरच्या बॉलनं खेळलेलो असतो, तिकडे मिश्र खेळात 7 नंबर असतो, घेर इंचभर जास्त. पहिले काही दिवस शॉट तोकडे पडतात. एकटीनं लवकर जाऊन रिंगजवळून हात बसवून घ्या. आणि पहिल्या मॅचमध्ये तुम्हाला कुणी पास देणार नाही, हेही गृहीत धरा. डिफेन्स चिवट करा, दोन बॉल हिसकावा, दुसऱ्या मॅचपासून पास येतो.

आठवड्याची मांडणी सोपी ठेवा. बास्केटबॉल म्हणजे वेगाचा सराव झालाच समजा, 28 मीटरच्या कोर्टवर ये-जा करून दम निघतो. त्यामुळे खेळाचे दोन दिवस, सावकाश धावण्याचे दोन, आणि लांब पल्ल्याचा एक. लांब पल्ल्याच्या आदल्या रात्री खेळू नका. पोटऱ्या आधीच शिणलेल्या असतात.

एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, बघण्याचा शौक असेल तर तिकडे चैन आहे. शिकागोत संध्याकाळी सातला सुरू होणारी मॅच हिवाळ्यात मुंबईत सकाळी साडेसहाला दिसते, नेमकी धावायच्या वेळी. इथे असताना मी कायम अर्धी मॅच घालवते. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये पेसर्स आणि किंग्ज हे एनबीएचे दोन संघ खेळून गेले, पेसर्सनी पहिली मॅच ओव्हरटाइममध्ये 132-131 अशी घेतली, तेव्हा कुठे एनबीए आपल्या वेळेत आली. तिकडे शिकागोच्या बुल्स संघाची तिकिटं मोठ्या संघाविरुद्ध महाग असतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी, पडेल संघ आलेला असताना वरच्या रांगेतलं घ्या.

पुढे जानेवारीत सुट्टीवर येऊन मुंबई मॅरेथॉन धावायची टूम निघतेच. ती जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते आणि नोंदणी काही महिने आधी संपते, तेव्हा बिब (छातीला लावायचा नंबर) हातात असल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका. उणे तापमानातून आलेल्या अंगाला इथला दमटपणा झेलायला दहा-बारा दिवस लागतात, त्या दिवसांत वेगाकडे बघूच नका. आणि शेवटच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ आहे. शिकागो सपाट, तिथे चढ शोधूनही सापडत नाही. बहुमजली पार्किंगचा रॅम्प हाच उपाय. आमच्या ऑफिसशेजारच्या पार्किंगमधला वॉचमन आधी हटकायचा, मॅरेथॉनचं सांगितल्यावर फक्त एवढंच म्हणायचा, गाड्या उतरायच्या वेळी येऊ नकोस, सकाळी सहाच्या आत ये.