गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन झाल्यावर घरी कसं सावरायचं

आधी डिस्चार्ज कार्ड काढून बघा, ऑपरेशन दुर्बिणीतून झालंय, खालून म्हणजे योनीमार्गातून झालंय की पोट उघडून. दुर्बिणीतून किंवा खालून झालं असेल तर बहुतेक वेळा 1-2 दिवसांत घरी सोडतात, पोट उघडून झालं की 3 ते 5 दिवस लागतात आणि पुढे 6 ते 8 आठवडे सांभाळावं लागतं.

घरी आल्यावर झोपून राहू नका. घरातल्या घरात दर थोड्या वेळाने चाला, नाहीतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी व्हायची भीती असते. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताने रेटा देऊन बसायचं, सरळ उताणं उठायला गेलात की टाक्यांवर ताण आलाच. खोकला-शिंक आली की उशी पोटाशी घट्ट धरा. दुर्बिणीवाल्यांचा खांदा दुखतो, घाबरू नका, तो पोटात भरलेल्या गॅसमुळे दुखतो आणि काही दिवसांत थांबतो.

संडासला कुंथायचं नाही. पेनकिलरने पोट कडक होतं, म्हणून पाणी, पपई, पालेभाजी आणि डॉक्टरांनी दिलेलं पातळ औषध चालू ठेवा. शक्य असेल तर कमोड वापरा. डिंकाचे लाडू घेऊन मावशी येणारच, लाडू डब्यात ठेवा, पोट साफ व्हायला लागल्यावर खा.

थोडं तपकिरी-लालसर अंगावर जाणं काही आठवडे चालतं, विरघळणाऱ्या टाक्याचा एखादा धागाही पडतो. पॅडच वापरा, आत काही घालू नका.

आता खरी गोम, तिसरा आठवडा. दुखणं कमी झालेलं असतं, घरचे म्हणतात आता बरी दिसतेस, आणि बाई पाण्याची कळशी उचलते, सिलेंडर सरकवते, नातवाला कडेवर घेते. पण पिशवीबरोबर तिचं तोंडही काढलं असेल तर योनीच्या वरच्या टोकाला आतून टाके असतात, ते बाहेरून दिसत नाहीत आणि भरायला वेळ घेतात. म्हणून 6 आठवडे जड काही नको, आणि शरीरसंबंध डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावरच, नवऱ्याला हे आधीच स्पष्ट सांगून ठेवा. स्कूटर आणि खड्डे यांचंही तेच, डॉक्टरांना विचारूनच.

दोन्ही अंडाशयं काढली असतील तर पाळी जाण्याचा त्रास लगेच सुरू होऊ शकतो, अंगातून वाफा, घाम, झोप उडणं. मुकाट सहन करू नका, गोळ्या-उपाय आहेत, विचारा. रडू येणंही होतं, त्यात नाटक काही नाही.

100.4 फॅरनहाइट किंवा त्यावर ताप, तासाभरात पॅड भिजणं, घाण वास, एका पायाच्या पोटरीला सूज-दुखणं, लघवी अडकणं किंवा नकळत गळणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी.

आणि पहिल्या तपासणीला जाल तेव्हा काढलेल्या पिशवीचा बायोप्सी रिपोर्ट मागून घ्या, वाचून समजावून घ्या आणि फाइलला लावून ठेवा.