घोळणा फुटला तर आधी मान खाली
उन्हाळ्यात पोरांचा घोळणा फुटला की घरातलं कोणीतरी लगेच ओरडतं, मान वर कर, कांदा हुंगायला द्या, तर प्लीज मान वर करू नका, कारण नाक मागच्या बाजूने थेट घशात उघडतं आणि रक्त तिकडून पोटात जातं, मग उलटी होते आणि सगळे अजूनच घाबरतात.

मुलाला सरळ बसवा, थोडं पुढे वाकवा, तोंडाने श्वास घ्यायला सांगा. आता नाकाचा खालचा मऊ भाग (वरचं हाड नाही, तिथे दाबून काही होत नाही) दोन बोटांनी घट्ट धरा, 10 ते 15 मिनिटं, घड्याळ लावून, मधेमधे सोडून बघायचं नाही. बहुतेक वेळा रक्त इथूनच येतं, दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याच्या पुढच्या भागातून, तिथे बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं आणि कोरड्या हवेने वरचं नाजूक अस्तर तडकतं. तोंडात आलेलं रक्त थुंकू द्या.

अर्ध्या तासात थांबलं नाही, डोक्याला मार लागलाय किंवा मोठ्या माणसाला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, तर सरळ दवाखाना गाठा. थांबल्यावर दिवसभर नाक शिंकरू नका, बोट तर अजिबात घालू नका.